इंटरनेट बंदीचा आदेश ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हणून नाकारला: अपील, हायकोर्ट आणि सीलबंद लिफाफा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे आणि पैसे पाठवण्याचे दुकान आहे. जून २०२३ मध्ये शहरात तणाव झाला तेव्हा मोबाइल इंटरनेट बंद केले गेले. त्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागितली. एका सरकारी कार्यालयाने एका ओळीत कळवले की माहिती राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित व गोपनीय असल्याने कलम ८(१)(क) अन्वये देता येत नाही. अपील करून उपयोग आहे का? आणि हायकोर्टात गेल्यावर सरकारने सीलबंद लिफाफा पुढे केला, म्हणजे कागद फक्त न्यायाधीशांना दाखवला, तर आपल्या हाती काय उरते?

अपील जरूर करा. इंटरनेट बंदीचा आदेश हा लपवण्याचा कागदच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले आहे की असे आदेश सरकारने प्रसिद्ध केलेच पाहिजेत, कारण आदेश हातात नसेल तर त्याला आव्हान देता येत नाही. ते प्रकरण जम्मू-काश्मीरचे होते. सीमेवरच्या राज्यात सुरक्षेचे कारण खरोखर जड असतानाही न्यायालयाने ही अट घातली. कोल्हापूरसाठी ती सैल होण्याचे काही कारण नाही.

आता तुम्हाला आलेल्या नकाराकडे बघू. कलम ८(१)(क) मध्ये भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, त्याचे व्यूहात्मक, वैज्ञानिक किंवा आर्थिक हितसंबंध, परराष्ट्राशी संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी, एवढ्याच गोष्टी आहेत. ‘कायदा व सुव्यवस्था’ त्यात नाही. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ही नाही. हा फरक शब्दच्छल नव्हे. राम मनोहर लोहिया प्रकरणात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकात एक असलेली तीन वर्तुळे कल्पिली: सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. चौकात दगडफेक झाली म्हणजे बाहेरचे, फार तर मधले वर्तुळ. आतल्या वर्तुळात ते कसे शिरले, हे सांगण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे. कलम १९(५) हे स्पष्टच म्हणते: नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर.

फायलीवर ‘गोपनीय’ असा शिक्का असणे हे माहिती नाकारण्याचे कारणच होत नाही. तो शिक्का कार्यालयाच्या कामकाजासाठी असतो. फाइल कोणी हाताळायची, कोणत्या कपाटात ठेवायची, एवढे तो ठरवतो. माहिती अधिकार कायद्यात ‘गोपनीय’ नावाचे कलम नाही. उलट कलम २२ नुसार १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात काहीही म्हटले असले तरी माहिती अधिकार कायदा वरचढ ठरतो, आणि कलम ८(२) नुसार अपवादात बसणारी माहितीसुद्धा, सार्वजनिक हित जास्त असेल तर, देता येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वीस वर्षे झाली की माहिती खुली होते, असे सरसकट सांगितले जाते, ते (क) ला लागू नाही. कलम ८(३) मधून (क), (ग) आणि (झ) वगळलेले आहेत. म्हणून (क) चा मुद्दा वाट बघून सुटत नाही, तो खोडावाच लागतो.

मुळात अर्ज चुकीच्या दारात गेला असण्याची शक्यता मोठी आहे. जून २०२३ ला दूरसंचार सेवा तात्पुरत्या खंडित करण्याचे २०१७ चे नियम लागू होते. त्यांनुसार राज्यात असा आदेश गृह विभागाचे सचिवच काढू शकतात. अगदी टाळता न येण्यासारख्या परिस्थितीत गृह सचिवांनी अधिकार दिलेला, सहसचिवाहून कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी काढू शकतो. पण चोवीस तासांत त्याला सचिवांची मान्यता मिळाली नाही तर तो आदेश संपतो. जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक प्रस्ताव पाठवू शकतात, आदेश काढू शकत नाहीत. म्हणून नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि ते खोटेही नसते. अशा वेळी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे वर्ग करायला हवा. तो होईल या भरवशावर बसू नका. मंत्रालयातल्या गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून वेगळा अर्ज करा आणि जिल्ह्यात ‘पाठवलेला प्रस्ताव’ मागणारा दुसरा अर्ज करा. दोन्हींची उत्तरे शेजारी ठेवली की बरेच काही उलगडते.

राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत हवा. फी १० रुपये. कागदी अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चालतो. ‘इंटरनेट का बंद केले?’ असे विचारू नका. कारण विचारले की ‘प्रश्न विचारला आहे, माहिती मागितलेली नाही’ म्हणून अर्ज निकाली निघतो. कागद मागा. मजकूर साधारण असा ठेवा: ‘दि. ७ जून २०२३ व त्यानंतरच्या आठवड्यात कोल्हापूर जिल्ह्यासाठी दूरसंचार सेवा खंडित करण्याच्या २०१७ च्या नियमांखाली काढलेल्या प्रत्येक आदेशाची प्रत. तो आदेश आढावा समितीकडे पाठवल्याच्या पत्राची प्रत. आढावा समितीच्या बैठकीचा दिनांक व तिच्या निष्कर्षाची प्रत. सेवा कंपन्यांना आदेश कळवल्याच्या पत्राची प्रत. कोणताही भाग कलम ८ खाली येत असल्यास कलम १० प्रमाणे तो वगळून उरलेली माहिती द्यावी.’

यातला आढावा समितीचा तुकडा सर्वांत मोलाचा आहे. नियमांप्रमाणे आदेशात कारणे लिहिलेली हवीत आणि त्याची प्रत लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत समितीकडे जायला हवी. राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात. सोबत विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या एखाद्या विभागाचे सचिव. समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत बसून आदेश कायद्याला धरून होता का, याची नोंद करायची. कुठल्याही राज्यात जे चुकते ते बहुधा इथेच: बंदी दोन दिवसांत उठते, म्हणून बैठक होतच नाही, किंवा महिन्याभराने एकत्र कागदावर होते. बैठक झालीच नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तरच तुमचा पुरावा ठरते. पुढे २०२४ मध्ये जम्मू-काश्मीरच्याच दुसऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आढावा समितीचे आदेशही प्रसिद्ध करण्याची अपेक्षा ठेवली. समितीतली चर्चा उघड करण्याची सक्ती मात्र केली नाही. म्हणून निष्कर्ष मागा, इतिवृत्त मागू नका.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत. २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करून घेण्याच्या खटपटीपेक्षा नव्याने अर्ज करणे सोपे. अपिलात भावना नको, चार नेमके मुद्दे हवेत. एक, कलम ७(८) नुसार नकारासोबत कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. नुसता कलमाचा आकडा म्हणजे कारण नव्हे. दोन, (क) मधली नेमकी कोणती बाब आणि प्रत उघड झाल्याने नेमकी कोणती हानी, हे लिहिलेले नाही. तीन, कलम १० चा विचारच झालेला नाही. चार, अनुराधा भसीन. यासोबत कलम ४(१)(घ) ही जोडा: प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला स्वतःहून कळवणे कार्यालयाचे काम आहे, आणि दोन दिवस व्यवहार ठप्प झालेला दुकानदार बाधितच आहे.

मधल्या काळात कार्यालय कारण बदलू शकते. (क) टिकत नाही हे दिसले की (छ) किंवा (ज) पुढे येते. (छ) म्हणजे कोणाच्या जिवाला धोका किंवा पोलिसांना विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड होणे. गुप्तवार्ता अहवालाच्या बाबतीत हा आक्षेप खरा असू शकतो आणि तो मान्य करावा; ज्याने पोलिसांना खबर दिली त्याचे नाव बाहेर येऊ नये यातच सगळ्यांचे हित आहे. पण आदेशाच्या प्रतीत खबऱ्याचे नाव नसते. (ज) म्हणजे तपासात अडथळा. त्याबाबत दिल्ली हायकोर्टाने २००७ साली भगत सिंह प्रकरणात सांगितले की तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरत नाही, अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते.

कलम २४ चा हवाला आला तर घाबरू नका. ते गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना कायद्यातून वगळते, आणि राज्यालाही अधिसूचनेने आपल्या अशा संघटना वगळता येतात. वगळली जाते ती संघटना. तिने पाठवलेल्या अहवालावरून गृह विभागाने काढलेला आदेश हा गृह विभागाचा कागद आहे. शिवाय भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांबाबतची माहिती त्या कलमातही अपवाद आहे.

दुसरे अपील ९० दिवसांत. कोल्हापुरातल्या कार्यालयाविरुद्ध असेल तर ते राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जाते. मंत्रालयातल्या विभागाविरुद्ध असेल तर मुंबईत. आयोगासमोर एक मागणी आवर्जून करा: मूळ कागद मागवून आयुक्तांनी स्वतः पाहावा. चौकशी करताना आयोगापासून कोणत्याही कारणाने कुठलाही अभिलेख रोखता येत नाही, असे कलम १८(४) मध्ये आहे. म्हणून दुसऱ्या अपिलासोबत कलम १८ खालची तक्रारही वेगळी दाखल करणे शहाणपणाचे. अडचण फक्त वेळेची. आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात आणि तारीख लागायला बराच काळ जातो. तेवढे थांबायचे नसेल तर हायकोर्ट.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सुरू आहे. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे येतात. आदेश मंत्रालयात निघाला असला तरी त्याचा परिणाम इथे झाला, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची याचिका इथे दाखल करता येते. सरकारचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: बंदी केव्हाच उठली, आता याचिका निरर्थक. म्हणून मागणी मांडताना ‘बंदी बेकायदा ठरवा’ हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिली मागणी आदेश आणि आढावा समितीचा निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची असू द्या. प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य बंदी उठल्याने संपत नाही.

आता तुमच्या मनातल्या खऱ्या भीतीकडे. सरकार कागद कोर्टापासून लपवू शकते का? भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १२९ नुसार राज्यकारभाराविषयीच्या अप्रसिद्ध शासकीय अभिलेखातून पुरावा द्यायचा तर विभागप्रमुखाची परवानगी लागते. जुन्या पुरावा कायद्याचे कलम १२३ तेच होते. कलम १३० विश्वासाने झालेल्या शासकीय पत्रव्यवहाराबद्दल आहे. पण कलम १६५ म्हणते की समन्स मिळालेल्याने हरकत असली तरी कागद घेऊन कोर्टात आलेच पाहिजे; हरकत खरी की खोटी हे कोर्ट ठरवेल. नव्या कायद्याने मंत्री आणि राष्ट्रपती यांच्यातल्या विशेषाधिकारातील संवादाला यातून वेगळे काढले आहे. तुमच्या प्रकरणाला ते लागू होत नाही.

हा कायदा एका जागी थांबलेला नाही. १९६० मध्ये सोधी सुखदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की असा कागद कोर्ट उघडून पाहू शकत नाही. १९७५ मध्ये राज नारायण प्रकरणात पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेच्या ‘ब्लू बुक’चा प्रश्न आला आणि न्यायालय म्हणाले की गरज पडल्यास कोर्ट स्वतः कागद पाहील आणि ठरवेल. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात तर न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबतचा विधिमंत्री आणि सरन्यायाधीश यांच्यातला पत्रव्यवहार खुला करायला लावला. या निकालांतून वकिलाच्या हाती येणारे हत्यार म्हणजे प्रतिज्ञापत्राची अट. विशेषाधिकार, म्हणजे कागद न देण्याचा हक्क, सांगायचा तर मंत्र्याने किंवा विभागाच्या सचिवाने स्वतः कागद वाचून, प्रत्येक कागदाबाबत विचार करून, तो उघड झाल्यास सार्वजनिक हिताची कोणती हानी होईल हे शपथेवर सांगायचे. कक्ष अधिकाऱ्याच्या सहीचे, ‘अभिलेखावरून दिसते की’ छापाचे प्रतिज्ञापत्र यासाठी चालत नाही. पहिल्याच तारखेला हा आक्षेप लेखी नोंदवा. मागाहून घेतला तर त्याचे वजन जाते.

फोनवर पाळत ठेवणाऱ्या पेगासस सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच पुढे नेले. राष्ट्रीय सुरक्षा हे शब्द उच्चारले म्हणून न्यायालय गप्प बसणार नाही. सरकारने ते मांडले पाहिजे आणि सिद्ध केले पाहिजे.

सीलबंद लिफाफ्याचा धोका राफेल प्रकरणात उघड दिसला. १४ डिसेंबर २०१८ चा निकाल अंशतः लिफाफ्यातल्या टिपणावर आधारलेला होता. त्या निकालात लिहिले गेले की किमतीबाबतचा कॅगचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे. तसा अहवाल तेव्हा समितीपुढे गेलेलाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी सरकारला दुरुस्तीचा अर्ज करावा लागला: टिपणातले वाक्य कार्यपद्धती सांगणारे होते, ते घडून गेलेले असे वाचले गेले. टिपण समोरच्या पक्षाला दाखवले असते तर ही चूक सुनावणीतच पाच मिनिटांत निघाली असती. एकाच बाजूने वाचलेल्या कागदातली चूक पकडायला कोणी उरत नाही. लिफाफ्याला विरोध करताना हे उदाहरण न्यायाधीशांपुढे जरूर ठेवा.

त्यापुढचा टप्पा म्हणजे मीडियावन वाहिनीचा, ५ एप्रिल २०२३ चा निकाल. गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली, परवाना गेला, केरळ हायकोर्टाने लिफाफा वाचून ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने लिफाफा उघडला तेव्हा गुप्तवार्ता अहवालातली माहिती बरीचशी आधीच सार्वजनिक असलेली निघाली. न्यायालयाने कसोटी घालून दिली: माहिती उघड झाल्याने सुरक्षेला खरोखर बाधा येते का, आणि कमी जाचक मार्ग आहे का. नावे, स्रोत झाकून प्रत देता येईल का. निदान गोषवारा देता येईल का. दोन्ही नाही तर न्यायमित्र (कोर्टाला मदत करणारा स्वतंत्र वकील) नेमून त्याला कागद दाखवता येईल का. तुमच्या वकिलांनी हीच मागणी याच क्रमाने, लेखी अर्जाने करावी, आणि कोर्टाने तरीही लिफाफा घेतला तर त्याची कारणे आदेशात नोंदवण्याची विनंती करावी. कारणे नोंदवली असतील तर वरच्या न्यायालयात धरायला काहीतरी मिळते.

याने दरवेळी यश येते असे नाही. २०१४ च्या एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेस निकालात विमानतळावरील कामाच्या सुरक्षा मंजुरीबाबत बाजू ऐकून घेण्याची गरज नाही असे ठरले, आणि मीडियावननंतरही, जुलै २०२५ मध्ये, दिल्ली हायकोर्टाने विमानतळांवर सेवा देणाऱ्या सेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द करणे लिफाफ्यातल्या माहितीच्या आधारे कायम ठेवले. विमानतळ, संरक्षण, परराष्ट्र यांच्याजवळ विषय जितका सरकतो तितके न्यायालय सरकारचे म्हणणे मानते. म्हणून तुमची याचिका आदेश आणि निष्कर्ष या दोन कागदांपुरती ठेवा. गुप्तवार्ता अहवालही मागितलात तर सरकारला संपूर्ण फाइल लिफाफ्यात घालायला निमित्त मिळते आणि सरळ मिळणारे दोन कागदही अडकतात.

कायदे करणाऱ्या सभागृहातूनही एक वाट आहे. आमदारांमार्फत तारांकित प्रश्न विचारून जिल्हावार आदेशांची संख्या आणि आढावा बैठकींच्या तारखा मागता येतात. संख्येला सुरक्षेचा आक्षेप घेणे कठीण. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवले की इंटरनेट बंदीची देशभराची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय. मोजलेच नाही तर बंदीचा उपयोग झाला की नाही हे विधिमंडळाला कळणार कसे? दूरसंचार अधिनियम २०२३ खाली नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांत आदेश कारणे, भूभाग आणि कालावधीसह प्रसिद्ध करण्याची अट आता लिहिलीच आहे, कमाल मर्यादा १५ दिवस. त्यानंतरच्या बंदीबाबत तुम्ही थेट या नियमांवर बोट ठेवा.

एक सावधगिरी. या धडपडीत कोणी ‘आतला’ कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तो पुढे ढकलू नका. शासकीय गुपिते अधिनियमाच्या कलम ५ मध्ये गुपित देणाराच नव्हे, तर जाणूनबुजून घेणाराही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसता शिक्का असलेला प्रत्येक कागद गुपित ठरत नाही आणि सरकारने अधिकृत तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही, हे खरे. पण ते सिद्ध होईपर्यंत वर्षे जातात. राफेल प्रकरणात १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रात छापून आलेली कागदपत्रे विचारात घेतली, ती प्रसिद्ध झालेली होती म्हणून. आधी छापून आलेला आणि कुणी खासगीत दिलेला, यांत कायद्याने अंतर आहे. असा कागद वकिलांना दाखवा, आणि त्यात दिसणारा आदेश क्रमांक व दिनांक वापरून तोच कागद माहिती अधिकारात रीतसर मागा.

याचिकेसाठी आताच जमवून ठेवा: नकाराचे मूळ पत्र पाकिटासह (टपालाच्या शिक्क्यावरून मुदत मोजली जाते), अर्ज व अपिलाच्या पोचपावत्या, बंदीच्या काळात कंपनीकडून आलेले एसएमएस, त्या दिवसांतला आणि आधीच्या आठवड्यातला दुकानाचा व्यवहार दाखवणारा बँकेचा उतारा.